मियाटा घेतलीस, छान केलंस, पण टर्बो इतक्यात नको

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू नुकताच पुण्याहून सॅन होजेला आलायस, 1994 ची पाच गिअरवाली माझदा मियाटा, ती दोन सीटची उघड्या छपराची गाडी, घेतलीयस, हातात साधारण तीन हजार डॉलर आहेत, तर आधी टर्बो बसवू की आधी सस्पेन्शन करू. आणि पुढेमागे परत जाताना गाडी भारतात नेता येईल का. मी बे एरियात बरीच वर्षं याच पिढीची मियाटा चालवतोय, घरच्या गराजमध्ये स्वतःच उघडतो स्वतःच जोडतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

सरळ उत्तर हे की टर्बो नाही, आणि सस्पेन्शनही लगेच नाही. पहिला पैसा गाडी मुळात जशी होती तशी करण्यात घाल. तीस वर्षं जुनी रबराची बुशं, मेलेले शॉक आणि दगड झालेले टायर यांच्यावर तू काहीही महागडं बसवलंस तरी त्याने नक्की काय बदललं हे तुला कळणार नाही, कारण मूळ गाडी कशी चालते हेच तुला अजून माहीत नाही. मला भेटणारी बहुतेक नवीन पोरं इथेच घाई करतात आणि मग वर्षभरात वैतागून अर्धवट उघडलेली गाडी विकायला काढतात, फार वाईट वाटतं बघून.

आणि ही गाडी मूळ अवस्थेत चालवण्यासारखी आहेच रे. जुन्या ब्रिटिश रोडस्टरसारखी हलकी, साधी, छप्पर उघडणारी गाडी माझदाने बनवावी हे डोक्यात घेतलेला माणूस म्हणजे बॉब हॉल, आधी मोटार पत्रकार, नंतर माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या ऑफिसात. पुढे तोशिहिको हिराई या इंजिनिअरच्या टीमने ती प्रत्यक्षात आणली आणि फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागो ऑटो शोमध्ये ती जगाला दाखवली. इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या जरा मागे, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन दांड्यांनी धरलेलं चाक, आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यापर्यंत, अ‍ॅल्युमिनियमची एक लांब फ्रेम, तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात, जिच्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मधे कुठे लवचिकपणा न राहता ताकद थेट मागे पोचते. वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. तुझ्या 94 मध्ये 1.8 लिटरचं इंजिन आहे, 128 हॉर्सपॉवर, आणि गाडी हजार किलोच्या थोडी वर. आकडे वाचून काही वाटणार नाही, पण टायर आणि अलाइनमेंट नीट असताना एकदा हायवे 84 ने ला होंडाकडे जाऊन ये, मग बोलू.

94 घेतलीस हेही चांगलं झालं. सुरुवातीच्या 1.6 मध्ये, विशेषतः 90 आणि 91 च्या सुरुवातीच्या काही गाड्यांत, क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, पुढचं नाक छोटं होतं आणि तिथली पुली धरणारी चावी सैल होऊन क्रँक खराब व्हायचा, ती भानगड तुझ्याकडे नाही. शिवाय 94 पासून ब्रेक डिस्क मोठ्या झाल्या, पुढची 235 वरून 255 मिलिमीटर, डिफरन्शियल जास्त मजबूत झालं, बॉडीला जास्तीचे ब्रेस आले. काही गाड्यांना टॉर्सन लिमिटेड स्लिप डिफरन्शियलही आलं, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं. तुझ्याकडे ते आहे का हे बघायचं असेल तर मागची दोन्ही चाकं उचलून जॅक स्टँडवर ठेव, पुढच्या चाकांना ठोकळे लाव, गाडी न्यूट्रलमध्ये टाक, हँडब्रेक सोड आणि एक चाक हाताने फिरव. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर साधं डिफरन्शियल, त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप. पाच मिनिटांचं काम आहे, आणि विकणाऱ्याने काय सांगितलं होतं त्यापेक्षा हे खात्रीचं.

आता मूळ अवस्थेत आणायची म्हणजे नेमकं काय. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल तर बदलला नाही असंच समज, 60,000 मैलांची त्याची मुदत असते. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत त्यामुळे इंजिन वाचतं, पण हायवे 17 वर सांताक्रूझकडे उतरताना, जिथे बाजूला थांबायला धड जागा नाही, तिथे गाडी बंद पडणं हे काही वाचणं नव्हे. बेल्ट करतानाच वॉटर पंप, फ्रंट सील वगैरे उरकून घे, कारण तिथे पोचायला सगळा पसारा पुन्हा काढावा लागतो. रेडिएटर बघ, वरची प्लॅस्टिकची टाकी मुळात काळी असते, ती तपकिरी किंवा हिरवट-पिवळी दिसायला लागली की प्लॅस्टिक ठिसूळ झालंय आणि कधीही तडकेल, वाट बघू नकोस. इंजिनाच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर आहे, त्याची छोटीशी ओ-रिंग वाळते आणि ऑइल मागून खाली गिअरबॉक्सवर गळत राहतं, बरेच मेकॅनिक ते बघून मागचं मेन सील गेलं म्हणतात आणि गिअरबॉक्स उतरवायचे पैसे सांगतात, तर आधी ती काही डॉलरची ओ-रिंग बदल. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर, या गाडीचा नेहमीचा यशस्वी कलाकार, म्हणजे तो जाणारच, फक्त कधी हा प्रश्न. खाली जाऊन त्याचा रबरी बूट बोटाने जरासा सरकवायचा, आतून ओलं निघालं तर सील गेलंय. आणि गिअर लिव्हरखालचा रबरी बूट फाटलेला असतो, त्यातून पायापाशी गरम हवा येते, लोक एसीला दोष देत बसतात. तो बदलताना तिथल्या टरेटमधलं, म्हणजे लिव्हर ज्यात बसतो त्या कप्प्यातलं, ऑइलही बदल, त्याचा साठा गिअरबॉक्सच्या ऑइलपासून वेगळा असतो, आणि एवढ्याने गिअर पडताना हाताला जो फरक जाणवतो तो कुठल्याही शॉर्ट शिफ्टरपेक्षा (गिअर कमी अंतरात पडावा म्हणून बसवतात तो लिव्हर) जास्त आनंद देतो.

एक गोष्ट मात्र आजच्या आज कर. छपराचं पाणी मागच्या बाजूला एका पट्टीत गोळा होतं आणि सीटबेल्टच्या खांबांमागच्या दोन ड्रेनमधून खाली जातं. त्या ड्रेनमध्ये रेडवूडच्या काड्या, पानं, धूळ साचते, पाणी तुंबतं, सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पत्र्यात) किंवा गालिच्याखाली शिरतं आणि मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा आतून कुजतो, बाहेर रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं. साफ करायला तार घालू नकोस, आतली नळी फाटेल. गवत कापायच्या मशीनची जाड प्लॅस्टिकची दोरी मिळते ना, तिचा हातभर तुकडा घेऊन हळूहळू फिरवत घाल, मग बाटलीने पाणी ओत आणि गाडीखाली बघ, मोकळं धारेने पडायला पाहिजे. गाडी इथली असेल तर गंज कमी असतो, पण आधीचा मालक बर्फाच्या राज्यातला असेल तर सिल नक्की ठोकून बघ. आणि मागची काच प्लॅस्टिकची असेल तर छप्पर पाडायच्या आधी तिची झिप उघडायची, थंडीत तर नक्कीच, नाहीतर घडीवर ती तडकते.

एवढं झाल्यावर टायर. मूळ माप 185/60 आर14 आहे, त्या मापात आता चांगले टायर फारसे मिळत नाहीत, म्हणून बहुतेक सगळे 15 इंची चाकांवर 195/50 आर15 घालतात, चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. रिम हलका बघ, 4 बाय 100 चं बोल्टमाप. 17 इंची चाकं फोटोत बरी दिसतात पण या गाडीला जड होतात आणि स्टिअरिंगमधला जीव जातो, मी तरी कुणाला सांगणार नाही. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन नीट लावणं, आणि ही खरोखर या गाडीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुधारणा आहे, कारण माझदाने कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) आणि मागचा टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) बदलता येईल असे एक्सेंट्रिक बोल्ट मुळातच दिलेत. रस्त्यासाठी पुढे साधारण उणे 1 डिग्री कॅम्बर, मागे उणे दीड, पुढचा टो शून्य, मागे किंचित टो-इन, कास्टर दोन्ही बाजूंना सारखा ठेवून जितका मिळेल तितका, 5 च्या आसपास मिळाला तरी बास. जाताना आकडे कागदावर लिहून ने, आणि मोजताना तू स्वतः सीटवर बसायचंस, एवढ्या हलक्या गाडीत तुझ्या वजनाने माप बदलतं. दुकानदार म्हणेल सगळं हिरव्यात आलंय, म्हणजे मशीनच्या पडद्यावर चालेल एवढ्या मापात, झालं काम. हिरव्यात येणं वेगळं आणि तू सांगितलेलं येणं वेगळं. बोल्ट गंजून अडकलेले असतील तर आदल्या आठवड्यात रोज थोडं पेनिट्रेटिंग ऑइल मारत जा.

मग शॉक. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवायची फॅशन आहे, तिच्या नादाला लागू नकोस. या गाडीत सस्पेन्शनला दबायला मुळातच जागा कमी, खाली केलीस की वळणात ती बम्प स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकणाऱ्या रबरावर, जाऊन टेकते आणि अचानक पकड सोडते. चांगले शॉक, ताजे बम्प स्टॉप, उंची थोडीशीच कमी, एवढं पुरे.

आता कॅलिफोर्नियाचा कायदा, कारण तू टर्बो म्हणालास. इथे 1976 आणि पुढच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे प्रदूषणाची तपासणी, आहे, आणि तुझी 2000 च्या आधीची असल्यामुळे नुसता कॉम्प्युटर जोडून भागत नाही, रोलरवर चालवून सायलेन्सरचा धूर मोजतात, बॉनेट उघडून एकेक पार्ट डोळ्याने बघतात, इग्निशन टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते तेसुद्धा तपासतात. लोक तुला सांगतील की टायमिंग 10 डिग्रीवरून 14 वर नेलं की गाडी चपळ होते, होते खरी, पण स्मॉगला ते 10 च्या आसपासच लागतं आणि या रोजच्या गाडीत मी ते 10 वरच ठेवतो. इंजिनाच्या हवेच्या किंवा धुराच्या वाटेतला कुठलाही बदललेला पार्ट, मग तो इनटेक असो, हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) असो की टर्बो, त्यावर एअर रिसोर्सेस बोर्डाचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण खात्याचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरीचा नंबर, पाहिजे, तोही तुझ्या वर्षाच्या आणि तुझ्या इंजिनाच्या गाडीसाठी. नंबर नसेल तर पार्ट कितीही भारी असो, तपासणीत नापास. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सायलेन्सर बदलायला हरकत नाही, आवाज 95 डेसिबलच्या आत पाहिजे. पार्ट विकत घ्यायच्या आधी बोर्डाच्या साइटवर नंबर शोधायचा, नंतर नाही.

त्यातून टर्बो करायचाच ठरवलास तर नुसता टर्बो नसतो. क्लच बदलावा लागतो, इंजिनाचा कॉम्प्युटर आणि इंजेक्टर आले, इंटरकूलर आला आणि मुख्य म्हणजे थंडाव्याचा प्रश्न आला. हे इंजिन मुळात आडव्या बसवलेल्या पुढच्या चाकांच्या गाड्यांसाठीचं, मियाटात ते उभं फिरवताना थर्मोस्टॅट पुढे ठेवला गेला, त्यामुळे पाणी पुढूनच आत जातं आणि पुढूनच बाहेर पडतं, चौथ्या सिलिंडरला सगळ्यात कमी थंडावा मिळतो. साध्या वापरात चालून जातं. ताकद वाढवून ट्रॅकवर सलग पळवायला लागलास की मागच्या बाजूने पाणी बाहेर काढायची रीरूट किट घालावी लागते. हे सगळं तीन हजारांत नीट होत नाही, आणि अर्धवट केलेल्या टर्बोने इंजिन जातं. म्हणून म्हणतो, इतक्यात नको.

तीन हजारांचं काय करायचं ते सांगतो. साधारण निम्मे वर सांगितलेल्या दुरुस्त्यांत जातील, स्वतः केलंस तर बरेच कमी. त्यातून उरतील त्यात टायर, अलाइनमेंट, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. जे काही शिल्लक राहील ते पेट्रोलमध्ये आणि ऑटोक्रॉसच्या फीमध्ये घाल.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या पार्किंग लॉटवर किंवा जुन्या धावपट्टीवर कोन मांडून केलेला वळणांचा रस्ता, एका वेळी एकच गाडी सोडून तिची वेळ मोजतात, बहुतेक वेळ दुसऱ्याच गिअरमध्ये, आणि गाडी फिरलीच तर कोन पडतो, बाकी काही नाही. एससीसीए या अमेरिकन मोटरस्पोर्ट क्लबचे कार्यक्रम असतात, हेल्मेट उसनं मिळतं, अनुभवी माणूस शेजारी बसून शिकवतो. तुझ्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नाही, बहुधा एबीएसही नसेल, तेव्हा ब्रेक कुठे लॉक होतात आणि वळणात पाय अचानक उचलला की मागची बाजू कशी निघते हे तिथेच समजून घे. मागची बाजू निघाली की सगळ्यांचा पाय घाबरून ब्रेकवर जातो, नेमकं तेच करायचं नसतं. पाय स्थिर, नजर जिकडे जायचंय तिकडे, हात नजरेच्या मागे. हे वाचून येत नाही, शंभरदा करून अंगात मुरतं. टायरच्या कडेवर खडूने आडवी रेघ मार आणि रन झाल्यावर बघ कुठपर्यंत पुसली गेली, टायरच्या खांद्यापर्यंतच, म्हणजे नक्षी संपते त्या कडेपर्यंतच, पुसली तर हवा बरोबर, बाजूच्या भिंतीवरही पुसली तर हवा कमी आहे. मूळ स्टिकरवर 26 पीएसआय लिहिलंय, तिथून सुरू कर.

रस्त्यावर चालवायचं झालं तर स्कायलाइन, हायवे 9, 84, पेज मिल, ही आपली हक्काची ठिकाणं, रविवारी सकाळी लवकर निघायचं. वळणापलीकडे सायकलवाले असतात, हरणं असतात, रेडवूडच्या सावलीत दुपारपर्यंत ओल असते. दुहेरी पिवळी रेघ कधीच ओलांडायची नाही, मागे कुणी घाई करत आला तर टर्नआउटला, म्हणजे रस्त्याकडेच्या थांबायच्या जागेत, बाजूला होऊन सोडून द्यायचा. आपल्याकडे ताम्हिणी, वरंधला गाडी चालवलेली असेल तर खालच्या गिअरमध्ये उतरायची सवय आहेच, ती इथे फार उपयोगी पडते, फक्त गिअर आता उजव्या हाताला आहे आणि आपण लेनच्या नको त्या कडेला सरकतो, पहिले काही आठवडे त्याकडे लक्ष ठेव.

लागुना सेका या मॉन्टेरेजवळच्या रेसट्रॅकवर जायची स्वप्नं सगळ्यांना पडतात, मलाही पडायची. सुमारे 3.6 किलोमीटरचा ट्रॅक, 11 वळणं, आणि ते कॉर्कस्क्रू नावाचं वळण, जिथे गाडी 450 फुटांत 59 फूट खाली जाते, म्हणजे सुमारे 18 मीटर, आणि वळायला सुरुवात करताना पुढचा रस्ता दिसतच नाही, पलीकडच्या झाडावर नजर लावून उतरायचं. तिथे 128 हॉर्सपॉवर अजिबात कमी वाटत नाहीत. पण तिथे जायच्या आधी उघड्या छपराच्या गाडीला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान, पाहिजे, बहुतेक आयोजक त्याशिवाय आत घेत नाहीत आणि घेतलं तरी तू जाऊ नयेस. रोल बारच्या टोकापासून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत सरळ काठी धरतात, हेल्मेट घातलेलं डोकं तिच्या खाली पाहिजे. उंच असशील तर सीटमधला फोम काढून बसतात. हेल्मेट स्नेल या चाचणी संस्थेचं एसए मानांकनाचं घे, मोटरसायकलचं नको, त्याला आगीची चाचणी नसते. ट्रॅकवर आवाजाची मर्यादाही कडक आहे, दिवसाचा आकडा आधी विचारून घे. साधा गाडीचा विमा ट्रॅकवरचं नुकसान देत नाही, त्या दिवसापुरता वेगळा मिळतो.

ट्रॅकच्या आधी ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं, डॉट 4. ते हवेतलं पाणी शोषतं, नवीन असताना 230 डिग्रीच्या वर उकळणारं ऑइल ओलं झाल्यावर 155 लाही उकळू शकतं, आणि उकळलं की पेडल थेट जमिनीला. शेवटची फेरी हळू मारून ब्रेक थंड करायचे, पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये टाकून ठोकळा लावायचा. दर सेशननंतर नट टॉर्क रेंचने तपास, ऑइल बघ, नंतर पाणी पी. तू स्वतः पी म्हणतोय, उन्हाळ्यात थंडरहिल ट्रॅकवर माणसं चक्कर येऊन पडतात.

भारतात नेण्याचं उत्तर, नाही जमणार. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग पाहिजे, तुझी दोन्हींत बसत नाही. आणि तिथे गेल्यावर कुठलीही दुसरी गाडी मॉडिफाय करायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाच, कंपनीने मंजूर करून घेतलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय.

म्हणजे ही गाडी एक दिवस इथेच कुणाला तरी द्यायची आहे. तेव्हा काढलेला प्रत्येक मूळ पार्ट, बोल्टसकट, नाव लिहून खोक्यात भरून ठेव, आणि पावत्या एका फाइलमध्ये. रेडिएटरचा रंग आणि स्लेव्ह सिलिंडर आधी बघ, जमलं तर दोन्हींचे फोटो पाठव, मग काय मागवायचं ते सांगतो.